उजवा बूट त्याचा, डावा माझा

दानियल गेल्याची बातमी त्याच्या जुन्या क्लबातल्या खेळाडूंना माझ्याआधी कळली, हे मला अजून सहन होत नाही. आमच्या गावी, भिंगारला पोचलो तेव्हा मुंबईहून आलेली ती पाच-सहा माणसं खुर्च्या मांडत होती, चर्चमधल्या प्रार्थनेची वेळ ठरवत होती. ती कामं माझी होती...

आम्ही दोघं एकाच गल्लीतले. त्याच्या मामाने कॅम्पातल्या बाजारातून फुटबॉलचा जुना बूटजोड आणला, तेव्हा दानियल म्हणाला, "निम्मे निम्मे घालू की, आशक्या. तू डावखुरा, तुला उजव्याचं काय काम हाय?" मग तो उजवा घालायचा, मी डावा, दोघांचाही दुसरा पाय अनवाणी. समोरची पोरं ओरडायची, "आरं, ह्या दोघांचं मिळून एकच पोरगं हाय!"

पुढे मी शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, संगमनेरला एका शिक्षणसंस्थेत शिक्षक म्हणून लागलो. त्या पदवीने आमचं घर उभं राहिलं, याची कृतज्ञता कायम आहे. तो बारावीत नापास झाला आणि मुंबईच्या क्लबातला पगारी खेळाडू झाला. पेपरातला त्याचा फोटो मी वर्गात कौतुकाने दाखवायचो आणि आतून जळायचो.

सगळ्यात जास्त जळलो ते त्याच्या संपाने. क्लबचे मालक विधानसभेला उभे होते. खेळाडूंनी क्लबची जर्सी घालून प्रचारफेरीत चालायचं, जो येणार नाही त्याचा करार संपला, असा हुकूम निघाला. दानियल कप्तान. तो मालकांना म्हणाला, "आमी पगार खेळायचा घेतो, मिरवायचा न्हाई." सामन्याच्या दिवशी मालक पुढाऱ्यांना घेऊन हस्तांदोलनाला मैदानात उतरले. अकराही जणांनी डाव्या पायातला बूट काढून पांढऱ्या रेषेवर मांडला आणि तसेच उभे राहिले. सामना झालाच नाही.

आमच्या शिक्षकांच्या खोलीतल्या टीव्हीवर ते दिसलं. "तुमचा मित्र ना हा, सर?" कुणीतरी विचारलं. आमच्या संस्थेचे साहेबही त्याच निवडणुकीत उभे होते आणि त्यांच्या प्रचाराच्या चिठ्ठ्या घरोघर वाटायचं काम आम्हा शिक्षकांकडे होतं. "हो," म्हणालो आणि चिठ्ठ्यांची पिशवी पायाने टेबलाखाली सरकवली.

मालक निवडून आले. प्रचाराचा हुकूम मागे घेतला गेला, पण दानियलचा करार संपवला आणि पुन्हा कुठल्याच क्लबने त्याला घेतलं नाही. तो भिंगारला परतला, पोरांना खेळ शिकवू लागला. आता तरी आम्ही बरोबरीत येऊ, असं मला वाटलं होतं. एकदा विचारलं, "पस्तावा होतो का रे?"

"व्हय तर! नव्या मोज्याला चिखल लागला." तो हसला, मग हळूच म्हणाला, "तू मात्र नोकरी सोडू नको हां. तुझ्या पगारावर लई जण हायेत." त्याच्या त्या समजूतदारपणाचाही मला हेवा वाटला.

प्रार्थना झाल्यावर त्याच्या संघातला एक जण म्हणाला, "एकच बूट का काढायला लावला, ते कप्तानाने शेवटपर्यंत सांगितलं नाही. किती विचारलं आम्ही!" सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चहा पीत राहिलो. मलाही त्याने कधी सांगितलं नव्हतं. पण मला विचारावं लागलं नव्हतं. संप त्यांचा, फोटो त्यांचे, त्याची उमेदीची वर्षं त्यांची... हे एवढं माझं होतं.

रूथवहिनींनी त्याच्या फोटोखाली तो जुना उजवा बूट ठेवला होता. "भावजी, ह्याचा जोड कुठं गेला आसंल वो?"

"सापडला तर क्लबात काचेच्या कपाटात ठेवू दोन्ही," तोच खेळाडू म्हणाला.

"बघतो," एवढंच मी म्हणालो.

डावा बूट माझ्याकडे आहे. कपाटात, पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी. दर दिवाळीला त्याला पॉलिश करतो. हे वाचून त्या मंडळींचे फोन येतील. त्यांनी बूट बघायला जरूर यावं, जेवून जावं. देणार मात्र नाही.