कच्च्या दुधाचा पेला

बार्शी मागे पडल्यावर एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुणाकडं चाललाव?"

"शेळ्यांकडे," मी म्हणाले. त्या जरा सरकून बसल्या. मला चेष्टा करायची नव्हती, दुसरं उत्तर सुचलं नाही इतकंच. मांडीवर थर्माकोलचा डबा होता आणि त्यात रक्त घेण्याच्या रिकाम्या नळ्या. शेळ्यांकडून माणसांना होणाऱ्या ब्रुसेलोसिस नावाच्या तापावर आमच्या प्रयोगशाळेत काम चालतं. नमुने गोळा करायला मला पहिल्यांदाच एकटीला पाठवलं होतं.

कळंबच्या बसस्थानकावर पशुधन पर्यवेक्षक शिंदेकाका मोटारसायकल घेऊन उभे होते. गावाकडे जाताना वाटेत खव्याच्या भट्ट्या लागल्या. मोठमोठ्या कढयांत म्हशीचं दूध रटरटत होतं आणि धुराला गोड वास होता. पुढे सोयाबीनची कापलेली रानं, मुरमाड माळ, बोरी-बाभळी. माळावर काळ्याभोर, लांब कानांच्या उस्मानाबादी शेळ्या चरत होत्या. पुस्तकातल्या चित्रापेक्षा त्या उंच वाटल्या.

मालनबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे कुडाचा गोठा, त्यात चौदा शेळ्या. मालनबाई पन्नाशीच्या, बोलायला खणखणीत. सून रेखा पाच महिन्यांची गरोदर होती. ती दारातच टेकून उभी होती.

मी छापील प्रश्नावली काढून वाचू लागले, "गेल्या वर्षात किती शेळ्यांचा गर्भपात झाला?"

मालनबाई हसल्या. "गर्भपात बाईचा असतुया, मॅडम. शेळी गाभडती. औंदा तीन गाभडल्या."

"मग जार, म्हणजे वार, कोण काढतं?"

"म्याच. न्हायतर रेखा. तिचा हात बारीक हाय, चटशिरी निघती. मंग दावणीच्या दोरीनं बांधून त्या वडाला टांगायची. चिकाचं झाड हाय, शेळीला दूध वाढतंय."

गोठ्यामागच्या वडाच्या फांदीला पेंढ्यात बांधलेलं एक गाठोडं लोंबत होतं. खाली पाण्याचा रांजण होता.

"हातमोजे?" मी विचारलं.

"शेळीला लाज वाटंल की," मालनबाई म्हणाल्या. शिंदेकाकांनाही हसू आवरलं नाही.

रेखा हसली नाही. तिला एक-दोन दिवसांआड ताप येत होता, संध्याकाळी घाम फुटत होता, कंबर धरत होती. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं, हे तिनं मालनबाई आत गेल्यावर सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. या आजारानं गरोदर बाईचं मूल जाऊ शकतं हे मला माहीत होतं. सांगावं कसं ते मात्र कळेना. इंग्रजीत मी या विषयावर तासभर बोलू शकते. त्या दारात माझं सगळं मराठी आटलं.

शिंदेकाकांनी शेळ्या धरल्या आणि मी मानेतून रक्त घेतलं. एक पाट, म्हणजे तरुण शेळी, उसळली, नळी फुटली. "शेळीपेक्षा तुमीच जास्त उसळलाव," काका म्हणाले. रेखाचंही रक्त तपासायला हवं होतं, पण मालनबाईंनी साफ नकार दिला. "आदीच अंगात रगत न्हाय तिच्या. बाळाला कमी पडंल."

निघताना त्यांनी शेळीची धार काढली आणि फेसाळ, कोमट दुधाचा स्टीलचा पेला माझ्यापुढे धरला.

"तापवलं नाही?" मी कसंबसं विचारलं.

"तापवल्यावर त्याचं औषध जातंय. का आमच्या घरचं पिऊन बाटाल तुमी?"

हे ऐकल्यावर मला नको म्हणवेना. डोळे मिटून मी पेला रिकामा केला. मालनबाई सुनेकडे वळल्या, "बग, शिकल्याली बाई पिली. आन तू नाक मुरडतीस." रेखानं दुसरा पेला उचलला. माझ्यादेखत तिनं तो पिऊन टाकला, आणि मी काही बोलले नाही.

कळंबला खोलीवर परतून मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे घेतली आणि तशीच झाकून ठेवली. मला स्वतःची फारशी भीती वाटत नव्हती. मालनबाई आता गावभर सांगणार होत्या की तपासायला आलेली मॅडमसुद्धा कच्चंच पिते.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या टेबलावर मी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर शेळ्यांचं रक्तजल (सीरम) आणि गुलाबी द्रावणाचे थेंब मिसळले. निरोगी शेळीचा थेंब गुळगुळीत राहतो. पाच थेंबांत कण धरले, म्हणजे पाच शेळ्यांना आजार होता.

तिसऱ्या दिवशी गावच्या आरोग्यसेविकेला घेऊन आम्ही पुन्हा गेलो. फरशी आणि नळ्या मी सोबतच नेल्या होत्या. गाभडलेल्या एका शेळीचा थेंब मालनबाईंसमोर केला. त्या वाकून बघत राहिल्या.

"हे तर नासलं," त्या हळूच म्हणाल्या.

"मावशी, दूध नासलेलं दिसत नाही, पण त्यात हेच आहे. जारेतही आहे. रेखाचा ताप त्यातला असू शकतो." मी फरशी खाली ठेवली. "परवा मी ते दूध प्यायले, ते माझं चुकलं. मला माहीत होतं, तरी लाजेनं प्यायले."

"मंग आमाला का न्हाय बोललाव?"

मी बाही वर केली आणि आरोग्यसेविकेला म्हणाले, "आधी माझं घ्या." मला सुईची भीती वाटते. चेहऱ्यावर ती दिसली असणार, कारण रेखा दारातून पुढे आली आणि माझ्या शेजारी पोत्यावर बसली. तिनं सासूकडे पाहिलं नाही. हात पुढे केला.

मालनबाई उठल्या. वाटलं, आता भांडतील. त्या गोठ्यामागे गेल्या आणि काठीनं वडावरचं गाठोडं खाली पाडलं. "कुठं पुरू?" त्यांनी शिंदेकाकांना विचारलं. काकांनी लांबची जागा दाखवली, चुना टाकायला सांगितलं.

परतीच्या एसटीत माझ्या मांडीवर तोच डबा होता, आता भरलेला. गावं मागे जात होती आणि त्यातल्या दोन नळ्यांवर माझं लक्ष होतं, एकीवर माझा क्रमांक, एकीवर रेखाचा. लोकांनी भीड सोडून माझ्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत, अशी माझी अपेक्षा होती. भीड माझीच आडवी आली, आणि तिची किंमत दुसरीच कुणी देत होती.

माझा अहवाल सध्या स्वच्छ आहे, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचा आहे. रेखाच्या अहवालात आजार निघाला. कळंबच्या डॉक्टरांनी गरोदरपणात चालतील अशी औषधं सुरू केली. बाळ हलतंय, एवढंच आज सांगता येतं.

काल मी फोन केला. मालनबाईंनी उचलला. रेखाचा ताप चार दिवस आला नाही, म्हणाल्या. मी पुढचं विचारायचा धीर गोळा करत होते, तेवढ्यात त्याच ओरडल्या, "थांबा मॅडम, तुमच्या नादात दूध उतू चाललंय!"

फोन कुठंतरी आपटला. भांड्यांचा आवाज आला, चुलीचा चर्र आवाज आला. मी माझा फोन कानाशी धरून बसले.