अक्काने आखलेली रेषा

अक्काने एकदा डूख धरला की तो सुटायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना मात्र ठाऊक नव्हतं, कारण साहेब बोलून विसरायचे.

अक्काचं काम मोठं चिवट. प्रथिनाचा एकेक कण इतका बारीक, की सूक्ष्मदर्शकातून काढलेला त्याचा फोटो म्हणजे निव्वळ धुरळा. असे हजारो धुरळे एकावर एक ठेवून सरासरी काढली, की मग कुठे कणाचा चेहरा उमटतो. औषध घातलेल्या कणांची एक सरासरी, न घातलेल्यांची दुसरी. एकीतून दुसरी वजा करून कुठे पांढरा ठिपका उरला, तर औषध तिथे चिकटलं म्हणायचं. पण ठिपका नुसत्या धुरळ्यानेही उरतो. खरा कुठला, खोटा कुठला, इथेच सगळी मारामारी.

तरुणपणी अक्काला असा एक ठिपका सापडला होता. भर बैठकीत तिने तो पडद्यावर दाखवला, तेव्हा साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, ओल आलेल्या भिंतीकडे बघत बसलं, की माणसाला माहेरसुद्धा दिसतं." सगळे खो खो हसले. निदान तपासू तरी द्या, असं ती म्हणत राहिली आणि साहेबांनी पडदा बंद करायला लावला. ते काम तिथेच बारगळलं, बढती गेली. "ओलवाली बाई" हे नाव तेवढं चिकटलं.

आता त्याच साहेबांचा निवृत्तीआधीचा शेवटचा ठिपका तपासायला अक्काकडे आला. तिथली रीत अशी, की ज्याचा त्या कामाशी संबंध नाही त्याने तपासायचं, आणि फोटो उघडण्याआधीच खरं-खोटं ठरवायची रेषा किती कडक ठेवणार ते लिहून पाकिटात बंद करून द्यायचं. मागाहून सोयीने सरकवायला नको.

"मग काय लिहिणार, वन्सं?" वहिनीने विचारलं. अक्का भावाकडेच राहायची. नणंद-भावजय पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"हे बघ, हे दोन ढीग फोटोंचे समज, एक औषधवाल्या कणांचा, एक बिनऔषधाच्या. दोन्ही एकत्र कालवायचे, डोळे मिटून पुन्हा दोन करायचे, सरासऱ्या काढून वजाबाकी करायची. त्यात जो सगळ्यांत ठळक ठिपका उरेल तो निव्वळ योगायोगाचा. असं पुन्हा पुन्हा करायचं. साहेबांच्या इतका ठळक ठिपका योगायोगाने शंभरात पाचांहून कमी वेळा आला, तर साहेबांचा खरा मानतात. ही नेहमीची रेषा."

"आणि तुमची?"

"हजारात एक."

"अगं बाई! एवढी कडक?"

"नियमात बसतं."

"देवाच्या नियमात बसतं का, ते विचारतेय मी."

"देवाला म्हणावं, त्या दिवशी बैठकीला यायचं होतंस."

 वहिनीच्या हातातला अभ्रा उलटा घडी झाला होता, तो तिने पुन्हा उलगडला.

पुढच्या बैठकीत पाकीट फुटलं. अक्का उभी राहिली. "असा ठिपका योगायोगाने शंभरात दोनदा येतो. रेषा हजारात एकची. ठिपका टिकला नाही."

साहेबांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "नेहमीच्या रेषेवर टिकला असता ना, बाई?"

"टिकला असता."

"म्हणजे ही रेषा खास माझ्यासाठी?"

"खास तुमच्यासाठी, साहेब. माझाही ठिपका शंभरात दोनच्याच घरातला. मागाहून घरी बसून तपासला मी. मला तुम्ही सैल नाही, कडक नाही, कुठलीच रेषा आखू दिली नव्हती."

कुणी हसलं नाही. त्या न हसण्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती.

मग संस्थेच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या बोलल्या. "फुटलेल्या पाकिटातला शब्द मागाहून बदलता येणार नाही. पण रागाने आखलेल्या रेषेवर मी कुणाचं काम फेकणारही नाही. दोन्ही ठिपक्यांचे नवे फोटो अक्का काढतील, तपासेल तिसरंच कुणी. रेषा दोघांना एकच, नेहमीची. तोवर काही छापायचं नाही."

साहेब महिनाअखेर निवृत्त होणार होते. निरोपाच्या भाषणात मिरवायला ठेवलेला ठिपका त्यांना खिशातच ठेवावा लागला.

"झालं समाधान?" वहिनीने विचारलं.

"अर्धं. त्याचा पुसला जाऊन माझा उरला, की पुरं."

"आणि उलटं झालं तर?"

 दुसऱ्या दिवशी दोघांच्या नमुन्यांच्या कुप्या घेऊन अक्का मोठ्या बाईंकडे गेली. "यांच्यावरची नावं झाकून द्या. कुठली कुणाची ते मी मागितलं तरी सांगू नका."

"स्वतःवर विश्वास नाही?"

"माझ्यावर आहे. डोळ्यांवर नाही. ते अजून त्या माणसावर टपलेत."

झाकलेल्या कुप्या घेऊन ती यंत्रापाशी बसली. पहिली उचलली ती साहेबांची समजून. दुसरीही साहेबांचीच समजून. खराब निघालेल्या एकाही फोटोला तिने दयामाया दाखवली नाही.