आई नुसता हात हलवते

नातीशी बोलता यावं म्हणून आईने सत्तरीत इंग्रजी शिकायला घेतलं. माझ्या भावाची मुलगी परदेशात वाढलेली, तिला मराठी येत नाही. परळला आमच्या चाळीत मंडळाच्या खोलीत दुपारी वर्ग भरायचा. आई वाक्यं पाठ करून व्हिडिओ कॉलला बसायची आणि मी शेजारून तिचा एकेक उच्चार सुधारायचो. एकदा ती म्हणाली, "तूच बोल रे बाबा. मी आपली नुसती दिसते." मी हसलो होतो. खरं सांगायचं तर पुतणीला तिचं सगळं कळत होतं. लाज मला वाटत होती. आता आई फक्त हात हलवते. परवा पुतणीने विचारलं, आजी माझ्यावर रागावलीय का? मी बिनचूक इंग्रजीत नेटवर्कला दोष दिला.