गुडघ्याचं मेडिकल

दिवाळीच्या आधी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे मी स्वतःची चांगलीच शोभा करून घेतली. लेक म्हणाली, पप्पा, हे फेसबुकवर टाकाच... म्हणून टाकतोय.

मी फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालो. आता रहिमतपूरजवळ ऊस करतो. म्हणजे करत होतो... कारण उजवा गुडघा वर्षभर पिच्छा सोडेना. चार दिवस बरा, की परत सुजलेला. हळूहळू उसाला पाणी पाजायचं काम बायकोकडे, सुनंदाकडे गेलं आणि मी ओट्यावर बसून नुसत्या ऑर्डरी सोडायला लागलो.

उपचार काय कमी केले? शेजाऱ्याच्या सांगण्यावरून एरंडाचं पान बांधलं, मेव्हण्याच्या सांगण्यावरून भिजवलेल्या मेथ्या खाल्ल्या. मनानंच गोळ्या आणल्या, तर पोटात आग पडली. पण डॉक्टर नको... ते गुडघा बदला म्हणतील आणि आपलं वावर कायमचं सुटेल, ही एकच धास्ती.

शेवटी लेकीनं परस्पर नंबर लावला. सुनंदा पिशव्या सांभाळत बाहेर बसली, मी आत.

डॉक्टर तरुण, पण आवाजात हुकूम. टेबलावर झोपवून गुडघा दाबला आणि दुखतं का, असं विचारलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नो सर."

फौजेतल्या लोकांना हे कळेल. तिथं दरवर्षी मेडिकल. दुखणं सापडलं की कॅटेगरी डाऊन, आणि कॅटेगरी डाऊन झाली की प्रमोशन लटकलं. सगळी नोकरी डॉक्टरपासून दुखणं लपवण्यात गेली... ती खोड अशी थोडीच जाते!

त्यांनी गुडघा वाकवला, पिळला. डोळ्यांपुढे काजवे चमकले... नो सर. जिना चढताना त्रास? नो सर. उकिडवं बसून दाखवा म्हणाले, तर मी बसलो आणि उठलोसुद्धा. आतलं बनियन घामानं चिंब.

एक्स-रेमध्ये थोडी झीज होती, पण तक्रारच नाही म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार. वजन कमी करा, बाकी ठणठणीत आहात म्हणाले. मी बाहेर येऊन सुनंदाला ऐटीत सांगितलं, फिट आहे. खरं सांगतो, त्या क्षणी मेडिकल पास झाल्याचा आनंदच झाला होता.

दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी घरी उतरतो तसा कठडा धरून उलटा उतरायला लागलो... आणि मधल्या वळणावर गुडघा असा अडकला की ना वर, ना खाली. तेवढ्यात डॉक्टर जेवायला निघाले. समोरासमोर गाठ. सुभेदार साहेब, हे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही सर.

मग मात्र सुनंदाचं डोकं फिरलं. "आवं, फौज सुटली तुमची. ह्ये डाक्टर काय पेन्शन कापणार न्हाईत. दुखतंय म्हणून सांगा की."

"दुखतंय सर," मी म्हणालो. "लय दुखतंय." डोळ्यांत पाणीच आलं हो...

डॉक्टर न जेवता मला परत वर घेऊन गेले. सगळं पहिल्यापासून विचारलं, तपासलं. ऑपरेशनची आत्ता गरज नव्हती. बसून बसून मांडीचे स्नायू ढिले पडले होते, म्हणून सगळा भार गुडघ्यावर येत होता. मनानं गोळ्या खाणं बंद, मांडी घालणं काही दिवस बंद, आणि रोज व्यायाम. व्यायाम म्हटल्यावर काय, पीटीच ती... एक दिवस चुकवला नाही.

आज सकाळी लाईट आल्यावर मोटर चालू करायला मी स्वतः बांधावरून चालत गेलो. थोडं दुखलं, पण गेलो. सुनंदा मागून येत होती, थांबत थांबत. काय झालं विचारलं, तर आधी काही नाही म्हणाली. मग बांधावरच बसली.

"माझाबी दुखतोय. डावा. तुमच्या आधीपासनं."

वर्षभर ही बाई दुखऱ्या गुडघ्यानं माझी ड्यूटी करत होती, आणि मी ओट्यावरून ऑर्डरी सोडत होतो. लय वाईट वाटलं.

उद्या परत सांगली. आता पेशंट सुनंदा. मीही आत जाणार आहे... ती 'नाही' म्हणाली, तर खरं सांगायला कुणीतरी पाहिजे.