तांबड्याच्या शेजारचं बी

तवा परसात आमी तिघंच होतो. मी, आमचे मालक आन सून. पोरगा पनवेलला कामावर.

भात कापलं की त्याच जागंत आमी गोड पांढरा कांदा लावतो. बी इकत घेत न्हाय. चांगले गोल कांदे ठेवायचे, परत मातीत पुरायचे. दांडे वर येतात, गोंडे फुलतात, गोंडा वाळला की काळं बी झडतं. हे बी मला सासूनं दिलेलं. ते वर्सभरच जगतं, म्हणून दर वर्साला नवं धरावं लागतं.

त्या वर्सी सुनेच्या टोपलीत बाजारच्या तांबड्या कांद्यांना कोंब आले. टाकायचं तिच्या जिवावर आलं. न्हाणीच्या पाण्यावर खोचले तिनं, पात मिळंल म्हणून.

मालक म्हणाले, "सूनबाई, फुकटात मळा केलास की."

हसलो आमी. मग तेबी फुलले, आमच्या गोंड्यांबरोबरच. मधमाशा हितनं तिथं फिरत व्हत्या. कुणाला काय वाटलं न्हाय.

आमच्या गोंड्यांचं बी पेरलं, रोप लावलं. कांदा उपटला तर कुठं पांढरा, कुठं गुलाबी, कुठं मातकट तांबडा. मालकांनी त्यातला पांढरा बघून फोडला, भाकरीसंगं खाल्ला. डोळं पुसलं.

"तिखट हाय. ह्यो आपला न्हाय."

सून म्हणाली, "आई, पांढरे तेवढे निवडून लावूया ना."

लावले. त्यांच्या बियातनंबी परत तांबडे निघाले. डब्याच्या बुडाला जुनं बी होतं, ते पेरलं. रोज पाणी घातलं. एक कोंब आला न्हाय.

नागावला भावाकडं बी मागायला गेले. तो म्हणाला, "ताय, कांद्याच्या जागंत आता पाहुण्यांची पोहायची टाकी हाय. उतरतेस का?" गावात इचारलं, तर सगळी दुकानातली पुडी आणतात.

सून अजून माझ्याकडं बघून बोलत न्हाय. मी तिला काय बोलले न्हाय, तरी. मालक वयानं थकलेत, आता अंथरुणातनं उठत न्हाईत. जेवताना बाजारचा कांदा पुढं केला की ताट सरकवतात. वाफा तसाच मोकळा पडलाय, गवत माजलंय.

वाचणाऱ्यानं एवढं करा. तुमच्याकडं घरचं पांढऱ्या कांद्याचं बी आसंल, जवळ तांबडा न लावता धरलेलं, तर चिमूटभर द्या. या सालचंच द्या. मी येऊन घेऊन जाईन.