विहिरीची वाट

नव्वदच्या सुमारास अंजूरकडच्या शेतांत गोदामं उभी राहू लागली होती. मी तेव्हा भिवंडीत शिक्षिका होते. एका गोदामवाल्याने तारेचं कुंपण घालून आदिवासी पाड्याची विहिरीकडे जाणारी वाटच बंद केली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई त्याच पाड्यावरची. ती शाळेत येऊन म्हणाली, “बाई, तहसीलीत आमाला दारातूनच हाकलतात. तुमी नुसत्या संगती चला.”

मी सोबत म्हणूनच गेले. तहसीलदार साहेबांनी मला खुर्ची दिली आणि तिला बाहेर थांबायला सांगितलं. काय वाटलं कोण जाणे, मी उठून उभी राहिले.

“वाट यांची अडली आहे, साहेब. यांचं ऐका.”

ती दारातून आत येऊन ठामपणे म्हणाली, “तुमच्या घरचं पानी कुनी तोडलं, तर गप ऱ्हाल का?”

त्यानंतरही आम्ही दोघींनी बऱ्याच खेपा घातल्या, तेव्हा कुठे कुंपण निघालं.

ही गोष्ट पसरली, आणि मग दर रविवारी धामणकर नाक्याजवळच्या आमच्या दाराशी चपलांचा ढीग पडू लागला. कुणाचं रेशन अडलेलं, कुणाला कापडाच्या लूमवरच्या कामावरून काढलेलं. माझी आई कुरकुरत चहाचं आधण वाढवायची. आता वयामुळे मला खेपा झेपत नाहीत; रविवारी घर शांत असतं, आणि मला करमत नाही.