न आखलेले डोळे

ओल्या शाडूचा वास आधी आठवतो. आषाढभर तो माझ्या नवऱ्याच्या, विश्रामच्या सदऱ्याला यायचा — धुतला तरी जायचा नाही. तो वास मी आमच्या घरातून घालवला. कसा, ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या मुलीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. हळहळू नका.

नवीन पनवेलचा फ्लॅट सोडून आम्ही माथेरानच्या डोंगराखाली, शेवटच्या पाड्याच्याही पुढे राहायला गेलो, तेव्हा लोक म्हणाले — नवऱ्याची, चित्रकाराची लहर, बायको बिचारी फरफटली. मी ऐकून घेतलं. वास्तविक ती जागा मी शोधली होती. तिथला ओढा पहिल्यांदा ऐकला तेव्हाच ठरवलं होतं, की इथून मला आता कुणी उठवायचं नाही. विश्राम माझ्या हट्टामागून आला. आणि ‘बिचारी’ हा शब्द मी किती वर्षं शालीसारखा पांघरून हिंडले?

विश्राम चित्रं काढायचा, पण पनवेल त्याला ओळखायचं ते आखणीसाठी. मूर्ती घडते, वाळते, रंगते. अगदी शेवटी कुणीतरी श्वास रोखून डोळ्यांची रेघ ओढतो — आणि माती बघू लागते. दामूशेठच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. रानात आल्यावरही दामूशेठचं बोलावणं आलं, की विश्राम आषाढात तिकडे जायचाच. एका वर्षी परतला तो मुलीला सांगतच — पुढच्या पावसाळ्यानंतर आपण पनवेललाच घर बघू. मी चुलीशी होते. फुंकणी हातात तशीच राहिली.

पुढच्या आषाढात दामूशेठ स्वतः बोलवायला आला. आमच्याकडे फोन लागत नसे. मोटरसायकल पाड्यावर ठेवून चालत आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. उघडीप होती, म्हणून विश्राम ओढ्यापलीकडे चित्राला बसला होता.

“वैनी, मास्तर कुठं हाय? माजे गनपती आंधले बसलेत. मला रोज शिव्या देतान.”

मी हसले. चहा दिला. आणि म्हणाले — जसंच्या तसं सांगते — “त्यांचा हात कापतो आता. त्यांना विचारू नका, फार लागतं मनाला.”

त्याने कप खाली ठेवला. “नाय इचारनार,” म्हणाला, आणि ओढ्याकडे न वळता उतरून गेला. मी कप विसळून पालथा घातला.

आखणी करणाऱ्याचा हात कापतो, ही बातमी पनवेलच्या कारखान्यांतून किती वेगाने फिरेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पुढे बाजारात ओळखीचे लोक विश्रामच्या हातांकडे बघत, मग घाईने हवापाण्याचं बोलत. तो म्हणे, गाव सोडलं म्हणून रागावलेत. तो हात खिशात घालून चालू लागला. मी शेजारून चालत होते — भाजीची पिशवी घेऊन.

त्यानंतर त्याने चेहरा काढलाच नाही. त्याच्या चित्रांत माणसं आहेत, पण पाठमोरी. शहरातून येणारे जाणकार म्हणतात, रानाने यांना माणसाच्या पलीकडे नेलं. मी त्यांना करवंदाचं सरबत देते. रानाने काही केलेलं नाही. मी केलं.

मुलीसाठी केलं, त्याच्यातल्या चित्रकारासाठी केलं — असं म्हणता येईल. म्हणणार नाही. मला ते घर हवं होतं, म्हणून केलं. ते अजून हवं आहे. आज सकाळीही ओढा ऐकताना मला आनंद झाला, आणि तो मी लपवणार नाही. खोटं मात्र खोटंच होतं, आणि ते मी एका धडधाकट हाताबद्दल बोलले.

दामूशेठ येऊन गेला त्या वर्षी विश्रामने नेहमीसारखे खारीच्या केसांचे ब्रश धुऊन खिडकीत मांडले होते. श्रावण लागला, सरत आला. तो रोज पायवाटेकडे तोंड करून बसे. “यंदा त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं असेल,” मी तांदूळ निवडत म्हणाले. त्याने सगळ्यात बारीक ब्रश उचलला, माझ्यासमोर हवेत एक रेघ ओढली — लांब, सावकाश, कुठेही न हलता. मग तो ब्रश खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला,

“असेल.”